दारू सोडायची तर जायचे कुठे?



या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एक पत्र पुन्हा पुन्हा येते. खाली नाव नसते, वस्तीचा उल्लेख नसतो, अक्षर दर वेळी वेगळे असते. मजकूर मात्र थोड्याफार फरकाने तोच. "भाऊ, आमचे हे रोज पितात. शुद्धीवर असले की स्वतःच रडतात, सोडतो म्हणतात. चार दिवस सोडतात, पाचव्या दिवशी पुन्हा भट्टीवर. दारू वाईट हे आम्हाला माहीत आहे, ते सांगू नका. कुठं नेऊ, तेवढं सांगा."

या भगिनीचे म्हणणे रास्त आहे. दारू वाईट हे सांगणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. १४ एप्रिलच्या व्यासपीठावरून सांगतात, लग्नाच्या मंडपात माईक हाती आला की सांगतात, पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमातही सांगतात. ऐकणारा मान खाली घालून ऐकतो आणि संध्याकाळी त्याच वाटेने जातो. त्याला जायला दुसरी जागा कोणती, हे कोणी सांगत नाही. म्हणून आज व्याख्यान नाही. आज पत्ता शोधायचा आहे.

मी कारकून माणूस, शिक्षण वाणिज्य शाखेचे. आधी हिशेब मांडतो. रोजचे १०० रुपये धरले तर वर्षाला ३६,५०० रुपये होतात आणि दहा वर्षांत ३,६५,०००. यात बुडालेली हजेरी, सावकाराचे व्याज, गहाण पडलेले मंगळसूत्र आणि मुलीची सुटलेली शाळा धरलेली नाही. कार्यालयात हजेरीपट सांभाळणाऱ्याला हा आजार घरच्यांच्याही आधी दिसतो. एकाच माणसाच्या नावापुढे दर सोमवारी गैरहजेरीची खूण पडू लागली की समजावे. मग घरून निरोप येतो, ताप आहे. तो ताप कसला, हे निरोप आणणाऱ्या मुलालाही माहीत असते.

हे दुःख एकट्या आपल्या वस्तीचे नाही. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सने केलेली देशभरातील पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि ५ कोटी ७० लाख लोकांना दारूमुळे झालेल्या त्रासासाठी मदतीची गरज आहे. दारूच्या पुरते आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसलेतरी उपचार मिळतात. बाकीचे ३७ घरीच असतात. नावाशिवाय पत्र लिहिणारी आपली भगिनी त्या ३७ घरांपैकी एका घरातली आहे.

हे ३७ जण दवाखान्यापर्यंत का पोहोचत नाहीत? पैसा, वेळ, माहिती ही कारणे आहेतच. आपल्या समाजात त्यात आणखी एक कारण मिळते, ते म्हणजे लाज. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांतील सतरावी दारू न पिण्याची आहे. पंचशीलातील पाचवे शील तेच सांगते. पिणारा माणूस हे शील लहानपणापासून म्हणत आलेला असतो. विहारात बसला की शेवटच्या शीलाशी त्याचा आवाज खाली जातो. हळूहळू तो विहारात येणेच सोडतो. बायको सांगते, ड्युटी आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून घरचे मूठ झाकून ठेवतात, आणि मुठीत माणूस गुदमरत राहतो.

येथे विनयपिटकातील एक कथा सांगितली पाहिजे. भिक्खूंनी मद्यपान करू नये हा नियम कसा झाला, त्याची ती कथा आहे. सागत नावाचे एक भिक्खू होते. त्यांनी आपल्या सामर्थ्याने एका भयंकर नागाला नमवले, म्हणून कौशांबीचे लोक खूश झाले. त्यांनी घरोघरी मद्य तयार ठेवले. सागत भिक्षेसाठी निघाले, घरोघरी प्याले आणि नगराबाहेर पडताना वेशीवरच कोसळले. बुद्ध भिक्खूंसह त्याच वाटेने येत होते. त्यांनी पाहिले आणि भिक्खूंना सांगितले, याला उचलून घ्या. भिक्खूंनी सागताला विहारात आणून निजवले. डोके बुद्धांकडे केले होते, पण सागताला शुद्ध कुठली? ते वळले आणि पाय बुद्धांकडे करून झोपले. तेव्हा बुद्धांनी भिक्खूंना विचारले की नागाला नमवणारा हा सागत आता पाण्यातल्या साध्या सापाशी तरी झुंजू शकेल काय? मग नियम घालून दिला. पुढे याच सागताची गणना बुद्धांच्या श्रेष्ठ शिष्यांत झाली.

आता क्रम पाहा. आधी माणूस उचलला, विहारात आणला, निजवला. नियम त्यानंतर सांगितला. आपण नेमके उलटे करतो. नियम सांगतो आणि माणूस वेशीवर सोडून देतो. उचलून आणायचे ते कसे, एवढाच आजचा विषय आहे.

दारू सोडू पाहणाऱ्यांच्या ज्या बैठका जगभर चालतात, त्यांत सर्वांत जुनी आणि सर्वांत पसरलेली म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस. तिला सगळे ए. ए. म्हणतात. अ‍ॅनॉनिमस म्हणजे निनावी. अमेरिकेत १९३५ साली तिचा जन्म झाला. बिल नावाचा शेअर बाजारातला एक गृहस्थ दारूपायी धुळीला मिळाला होता. काही महिन्यांपासून त्याने दारू सोडली होती. धंद्याच्या कामासाठी तो अ‍ॅक्रन या परगावी गेला, तेथे काम फसले. संध्याकाळी हॉटेलात एकटा उभा, खिशात थोडेच पैसे, आणि समोरच्या दारूच्या दालनातून हसण्याबोलण्याचा आवाज येत होता. त्याला कळले की आता आपण पिणार. मग तो दालनाकडे न जाता टेलिफोनकडे गेला. गावातल्या चर्चच्या यादीवरून एकेकाला फोन करून तो विचारत गेला की येथे एखादा दारूच्या आहारी गेलेला माणूस आहे काय, मला त्याच्याशी बोलायचे आहे. बऱ्याच फोननंतर त्याला बॉब नावाच्या एका डॉक्टरांचा पत्ता लागला. दुसऱ्या दिवशी दोघे तासन्‌तास बोलत बसले. त्या डॉक्टरांनी १० जून १९३५ रोजी शेवटचा घोट घेतला. तोच दिवस ए. ए.चा स्थापना दिवस मानतात.

या गोष्टीतले मर्म साधे आहे. बिल उपदेश करायला गेला नव्हता. स्वतःची दारू सुटलेली राहावी म्हणून त्याला दुसरा पिणारा माणूस हवा होता. सोनाराने कान टोचलेले बरे असे आपण म्हणतो. दारूच्या बाबतीत सोनार म्हणजे स्वतः प्यालेला आणि सोडलेला माणूस. त्याच्यापुढे थापा चालत नाहीत, कारण त्या सगळ्या थापा त्याने स्वतः मारलेल्या असतात. भारतात ही चळवळ १९५७ सालापासून आहे. नागपुरातही तिचे गट आहेत.

मीटिंग म्हणजे काय, याविषयी लोकांच्या मनात भलत्या कल्पना असतात. कोणाला वाटते कोंडून ठेवतील, कोणाला वाटते इंजेक्शन देतील, कोणाला वाटते पोलिसांत नाव जाईल. यातले काहीही होत नाही. एक खोली असते. बहुधा शाळेची, एखाद्या संस्थेची नाही तर चर्चच्या आवारातली. खुर्च्या नाही तर सतरंजी. वेळ साधारण तास-दीड तास. कोणी डॉक्टर नसतो, साहेब नसतो. ए. ए.त कोणीतरी पुढे बसून सुरुवात करतो, मग एकेक जण बोलतो. आपले पहिले नाव सांगतो, मी मद्यपी आहे म्हणतो आणि आपल्यावर काय गुजरले ते सांगतो. नागपुरात हे बोलणे आपल्या नेहमीच्या मराठी-हिंदीतच चालते. एकाचे बोलणे चालू असताना दुसरा मध्ये बोलत नाही, सल्ला देत नाही, टोमणा मारत नाही. बोलायचे नसेल तर नुसते ऐकत बसावे. पहिल्या दिवशी बहुतेक जण नुसतेच ऐकतात.

फी नाही. सभासद होण्याची अट एकच, दारू सोडण्याची इच्छा. अर्ज, आधारकार्ड, जातीचा दाखला, काही नाही. शेवटी एक डबा फिरतो, त्यात सभासद जमेल ते टाकतात आणि त्यातून जागेचे भाडे व चहा निघतो. बाहेरच्या माणसाची देणगी ते घेत नाहीत. पुढारी, कारखानदार, सरकार, कोणाचाच पैसा नाही. खोलीत ऐकलेले खोलीबाहेर न्यायचे नाही हा त्यांचा कडक शिरस्ता. आडनाव विचारायचे नाही, म्हणून जातही विचारली जात नाही. आडनावावरून माणूस ओळखण्याची सवय असलेल्या या देशात ही केवढी सोय आहे, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

मीटिंग दोन प्रकारच्या असतात. बंद मीटिंग फक्त पिणाऱ्यांसाठी आणि सोडलेल्यांसाठी असते. खुल्या मीटिंगला घरचे लोक, मित्र, कोणीही बसू शकतो. नवऱ्याला न्यायच्या आधी आपण पाहून यावे असे वाटत असेल तर खुली मीटिंग कोणत्या दिवशी असते ते विचारून घ्यावे. स्त्रियांनाही ही सवय लागते, आपल्या कष्टकरी भगिनींनाही. ए. ए.चे दार त्यांना तितकेच उघडे आहे.

तेथे आयुष्यभराची शपथ मागत नाहीत. आजचा दिवस प्यायचे नाही, एवढेच. उद्याचे उद्या. आपल्याकडे मुलाच्या डोक्यावर हात ठेवून जन्माच्या शपथा घेतल्या जातात आणि आठ दिवसांत मोडतात. मग मोडलेल्या शपथेच्या दुःखातच पुन्हा पिणे होते. चोवीस तासांचा वायदा पाळता येण्यासारखा असतो. शिवाय त्यांच्या बारा पायऱ्यांपैकी एक पायरी स्वतःच्या वागण्याची बेडर झडती घेण्याची आहे. दुकानदार वर्षाअखेरीस माल मोजतो, कुजलेला बाजूला काढतो, तसाच हा आपल्या वागण्याचा साठा-हिशेब. पुढच्या पायऱ्यांत, आपण ज्यांचे नुकसान केले त्यांची यादी करायची आणि शक्य तेथे भरपाई करायची. वाणिज्य शिकलेल्या माणसाला हा व्यवहार लगेच पटतो.

आता आपल्या लोकांच्या मनात हमखास येणारी शंका. त्या बारा पायऱ्यांत ईश्वराचा उल्लेख आहे, मीटिंगमध्ये प्रार्थनाही होते. देव न मानणाऱ्या बौद्धाने तेथे जावे काय? जावे. ही शंका ए. ए.त पहिल्या दिवसांपासून आहे. अगदी सुरुवातीच्या सभासदांतही देव न मानणारे होते. त्यांनी वाद घातला, म्हणूनच पायऱ्यांत ईश्वर 'ज्याला जसा समजेल तसा' अशी सवलत आली. आपल्यापेक्षा मोठी शक्ती म्हणून कित्येक जण तो गटच मानतात. एकट्याला जे जमले नाही ते दहा जणांच्या सोबतीने जमते, यात देव कुठे आला? संघाची ताकद आपल्याला नवी नाही. प्रार्थनेच्या वेळी गप्प बसले तरी कोणी उठवत नाही. खोली चर्चच्या आवारात असली म्हणून धर्मांतराची भीती बाळगण्याचेही कारण नाही. जागा भाड्याची असते, ए. ए. कोणत्याही धर्माशी, पक्षाशी वा संस्थेशी बांधलेली नाही.

मीटिंगच्या आधी एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा, कारण येथे जिवाचा प्रश्न आहे. जो माणूस वर्षानुवर्षे रोज आणि भरपूर पितो, सकाळी उठल्यावर हात थरथरतात म्हणून पितो, त्याची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका. खोलीत कोंडून तर मुळीच नको. शरीराला सवय झालेली असते. दारू तुटताच काही तासांत घाम, थरकाप, उलट्या सुरू होतात. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत काहींना भ्रम होतो, नसलेली माणसे दिसतात, अंगावर किडे चालल्यासारखे वाटते, ताप चढतो. अंगात आले, बाहेरचे लागले असे म्हणून लोक त्याला भलतीकडे नेतात. हे बाहेरचे नसते. उपचार न मिळाल्यास यात माणूस दगावतो. रुग्णालयात औषधे आणि जीवनसत्त्वाची इंजेक्शने देऊन हे दिवस सुखरूप पार पाडता येतात. म्हणून आधी डॉक्टर, मग मीटिंग. मीटिंग औषधाची जागा घेत नाही. औषधाने दारू शरीरातून निघते, डोक्यातून निघायला सोबत लागते.

आता पत्ता. नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, म्हणजे आपले मेडिकल, आणि मेयो या दोन्ही ठिकाणी मानसोपचार विभाग आहेत. प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. त्याला लोक अजून जुन्या नावाने हिणवतात. त्या नावाला भिऊ नका, तेथे बाह्यरुग्ण विभागात तपासून घरी पाठवतात, धरून ठेवत नाहीत. ईएसआय कार्ड असलेल्या कामगाराने कामगार रुग्णालयात विचारावे. खिडकीवर चिठ्ठी काढताना मानसोपचार विभागाची मागावी. डॉक्टरांना पिण्याचे प्रमाण खरे सांगावे, अर्धे करून सांगू नये, कारण औषधाचा हिशेब त्यावर असतो. तेथील समाजसेवा अधीक्षकांना किंवा समुपदेशकांना विचारावे की आमच्या भागाजवळ ए. ए.ची मीटिंग कोणत्या वारी, किती वाजता, कुठे असते. ज्यांचा रोजचा या रोग्यांशी संबंध येतो, त्यांना हे सहसा ठाऊक असते.

दुसरा मार्ग फोनचा. केंद्र सरकारची नशामुक्तीची मोफत मदतवाहिनी आहे, क्रमांक १४४४६. मनाच्या आजारांसाठी २०२२ साली सुरू झालेली टेलिमानस ही सेवाही मोफत आहे, क्रमांक १४४१६, तेथे मराठीत बोलता येते. आपले नाव नाही सांगितले तरी चालते. आज प्रत्येक घरात कॉलेजात जाणारे एखादे पोर आहे आणि त्याच्या हातात मोबाईल आहे. त्याला ए. ए.च्या भारतातील शाखेची नागपूरची यादी शोधायला सांगा. पण यादी पाहून तडक जाऊ नका. जागा आणि वेळा बदलतात. आधी फोन करा. पलीकडे बोलणारा माणूस बहुधा स्वतः त्यातून गेलेला असतो. तुमच्या माणसाला फोनवर बोलायला तयार करता आले तर अर्धे काम झाले. तो पहिल्या दिवशी कोणाला तरी सोबत यायला सांगेल. त्या वेळी तुमच्या माणसाने नाही म्हटले तरी फोन क्रमांक घरात ठेवा. शुद्धीवर असताना, आदल्या रात्रीची लाज ताजी असताना, सकाळच्या वेळी पुन्हा विचारा. प्यालेल्या माणसाशी रात्री वाद घालून आजवर कोणाची दारू सुटलेली नाही.

तिसरा मार्ग आपल्याच वस्तीत आहे. पूर्वी पिणारा आणि पाच-सात वर्षांपासून न पिणारा एखादा माणूस प्रत्येक वस्तीत असतो. इंदोऱ्यात आहे, पाचपावलीत आहे, इमामवाड्यात आहे, रामेश्वरीत आहे. तो कशाने सुटला हे त्याला एकांतात विचारा. चारचौघांत नको.

ज्यांना काही आठवडे राहून उपचार घ्यायचे असतील त्यांच्यासाठी व्यसनमुक्ती केंद्रे आहेत. महाराष्ट्रात या कामाला आकार दिला तो पुण्याच्या मुक्तांगणने. डॉ. अनिता अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी ते १९८६ साली सुरू केले, पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांच्या देणगीचे पाठबळ त्यामागे होते. तेथून बाहेर पडलेल्या रुग्णांनाही गावोगावच्या बैठकांना येत राहावे लागते. सोडणे आणि सुटलेले टिकवणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे त्यामागचे कारण.

दोन ठिकाणी फसू नका. बसस्टँडच्या भिंतीवर जाहिरात असते, रोग्याला न सांगता दारू सोडवा. काही जण दुकानातून गोळी आणून भाजीत मिसळतात. दारू सोडवण्यासाठी डायसल्फिराम नावाचे एक औषध खरोखर आहे. ते घेतलेल्या माणसाने दारू प्याली तर छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो, जीवही जाऊ शकतो. म्हणून डॉक्टर ते रोग्याला समजावून, त्याच्या संमतीनेच देतात. चोरून देणे म्हणजे विषाशी खेळ. दुसरे, मारझोड करून सुधारणारी केंद्रे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूच्या व्यसनातून होणारे मानसिक आजारही येतात, आणि रुग्णाला साखळदंडाने बांधण्यास त्या कायद्याने मनाई आहे. भेटू देत नाहीत, नोंदणी दाखवत नाहीत, अशा जागी आपला माणूस ठेवू नका.

आता भगिनींसाठी थोडे. दारू एक जण पितो आणि आजारी अख्खे घर पडते. हे ओळखून १९५१ साली अमेरिकेत पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी वेगळी बैठक उभी राहिली. तिचे नाव अल-अ‍ॅनॉन. त्या बिलच्या पत्नी लोइस तिच्या संस्थापकांपैकी एक. नवरा प्यायचा सोडो वा न सोडो, बायको त्या बैठकीला जाऊ शकते. तेथे ती शिकते की नवऱ्याची दारू मी लावली नाही आणि माझ्या रडण्याने ती सुटणार नाही. ती शिकते की त्याची उधारी आपण फेडायची नाही, कार्यालयात खोटा ताप कळवायचा नाही, त्याने रात्री केलेला पसारा पहाटे उठून मुलांपासून लपवायचा नाही. हे कठोरपणाचे वाटते. पण आपण जोवर त्याच्या पडण्याखाली गादी अंथरतो, तोवर त्याला लागत नाही.

२० जुलै १९४२ रोजी याच नागपुरात दलित महिलांची परिषद भरली होती. पत्नीने नवऱ्याची गुलाम न होता मैत्रीण आणि बरोबरीची व्हावे, असे बाबासाहेबांनी तेथे जमलेल्या हजारो स्त्रियांना सांगितले. दारुड्या नवऱ्याच्या घरात या सांगण्याचा अर्थ असा की सेवा करावी, पण मार खाऊ नये. हात उचलला तर आजार म्हणून सोडून देऊ नका. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा तुमच्या बाजूचा आहे, महिलांची मदतवाहिनी १८१ आहे आणि तातडीच्या वेळी ११२. त्याचा उपचार आणि तुमचे संरक्षण, दोन्ही एकाच वेळी चालू शकतात.

दारूची दुकाने बंद करा म्हणजे हे काहीच लागणार नाही, असे काही जण म्हणतील. आपल्या विदर्भाला बंदीचाही अनुभव आहे. वर्धा आणि गडचिरोली हे जिल्हे कित्येक वर्षांपासून दारूबंदीचे आहेत. चंद्रपुरात २०१५ साली बंदी आली आणि २०२१ साली उठली. बंदीसाठी आपल्या भगिनींनी दिलेले लढे मोलाचे आहेत. पण बंदी असो वा नसो, ज्याला सवय लागली त्याला उपचार लागतातच.

अशा मीटिंगने खरोखर दारू सुटते काय? २०२० साली या विषयावरचे २७ अभ्यास एकत्र तपासले गेले. त्यांत १०,५६५ लोकांची माहिती होती. ए. ए.शी जोडून देणारे उपचार हे दारूपासून पूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत इतर नामांकित उपचारांच्या तोडीचे, काही बाबतींत सरस ठरले. तरीही सगळ्यांची सुटत नाही. कित्येक जण दोनदा-चारदा घसरतात. घसरलेल्याला त्या खोलीत बोलणी बसत नाहीत, या म्हणतात. घरातही तसेच व्हावे. टायफॉईड उलटला तर आपण रोग्याला शिव्या देत नाही, पुन्हा दवाखान्यात नेतो.

शेवटी एक सूचना आपल्या विहार समित्यांना. नागपुरात वस्तीवस्तीत विहार आहे. वंदना आणि वर्ग वगळता संध्याकाळी अनेक विहारांना कुलूप असते. आठवड्यातून एक संध्याकाळ, दीड तास, बाजूची एक खोली ए. ए.च्या गटाला द्यावी. फुकट देऊ नका, ते घेणारही नाहीत, माफक भाडे ठरवा. मग आपला फलक लावू नका. उद्घाटनाला नगरसेवक बोलावू नका. दारू सोडलेल्यांचा शाल आणि पुष्पगुच्छ देऊन सत्कार करू नका, या साप्ताहिकाला फोटो पाठवू नका. कोण आले कोण गेले हे समितीच्या सचिवानेही पाहू नये. आपल्याला सत्काराची आणि फलकाची फार सवय आहे, म्हणून हे मुद्दाम लिहितो. निनावीपण गेले की माणूस येणार नाही.

आपल्याच विहारात आला तर ओळखीचे भेटतील, अशी भीती एखाद्याला वाटेल. वाटली तर त्याने दुसऱ्या भागातल्या मीटिंगला जावे. इंदोऱ्याच्या माणसाने रामेश्वरीला आणि रामेश्वरीच्या माणसाने इंदोऱ्याला. ऑटोचे भाडे रोजच्या दारूपेक्षा जास्त होत नाही.

ज्या घरात आज हा अंक वाचला जात आहे आणि वाचता वाचता कोणीतरी खोलीतून उठून बाहेर गेले आहे, त्या घरातल्या माणसांनी आज रात्री काही बोलू नये. वर दिलेले दोन क्रमांक कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवावेत. सकाळी चहा द्यावा आणि एवढेच विचारावे, "मेडिकलला जाऊ या का? मी येते सोबत."

जयभीम.